आई-बाबांचा दवाखान्याचा खर्च कमी करायचाय? पायांपासून सुरू करा

म्हातारपणी खिशाला मोठा दणका बसतो तो पडल्यावर. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, मग फिजिओ, मग घरी बाई ठेवा, म्हणून आधी पाय मजबूत करा आणि त्याला जिम वगैरे काही लागत नाही.

भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची घ्या, हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा, जमत नसेल तर सुरुवातीला हात टेकले तरी चालतं. आमची आई कुकर लावला की ओट्याला धरून एका पायावर उभी राहते, आधी एक शिट्टीसुद्धा निघायची नाही, आता दोन निघतात! डब्ल्यूएचओ ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळायचे प्रकार सांगते. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाथरूममध्ये पक्का बार बसवा, टॉवेलचा रॉड नव्हे, तो उपटून हातात येतो. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा.

बीपी, शुगर, डोळे तपासत राहा, आणि "नॉर्मल आलं" म्हणून गोळी स्वतःच बंद करू नका, गोळीमुळेच नॉर्मल आलंय ना ते! रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त पडतात, फक्त औषधाचं नाव डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या. सत्तरी पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ॲडमिट झाल्यावरच, रोजच्या ओपीडीला नाही.