नऊ वाजायच्या आत: गोव्याच्या सड्यांवर आणि रानवाटांवर उन्हाळी सायकल

गोव्यातील उन्हाळ्याचे आकडे कागदावर फारसे भयंकर दिसत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा बहुधा ३३ ते ३५ अंशांच्या आसपास राहतो आणि सोलापूर-नागपूरकडून आलेल्या पाहुण्याला तो सुसह्यच वाटतो. फसगत येथेच होते. समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत घाम भरपूर येतो, पण तो वाळत नाही, आणि जो घाम वाळत नाही तो शरीराला गार करू शकत नाही. म्हणून माउंटन बाइक घेऊन डोंगरवाटेवर जाणाऱ्याने येथे अंतर, चढ किंवा वेग यांच्याही आधी घड्याळाचा विचार करावा. सकाळी नऊ वाजता सायकल सावलीत टेकलेली असली पाहिजे, आणि बाकीचा सारा बेत त्या नऊपासून मागे मोजत आखला पाहिजे.

मेच्या मध्यावर सहा वाजून गेल्यावर लगेचच सूर्य उगवतो. मार्चच्या आरंभी मात्र पावणेसात होतात. म्हणजे हाती साधारण दोन ते पावणेतीन तास राहतात. खडबडीत पायवाटेवर नवख्या माणसाची सरासरी ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर जात नाही, तेव्हा पंधरा-अठरा किलोमीटरांची फेरी पुरेशी समजावी. जाताना अर्धा वेळ संपला की वाट कितीही मोहक वाटली तरी परत फिरावे. फेरीचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वारा असतो पण सावली नसते, आणि रानात सावली असते पण वारा नसतो. म्हणून पहिल्या तासात उघडा सडा पार करून ऊन चढू लागले की झाडीत शिरावे. याचा दुसरा फायदा असा की पहाटेच्या अंधुक उजेडात गवे, रानडुकरे रानवाटांवर असतात, त्या वेळी आपण तेथे नसतो.

संध्याकाळची फेरी मला स्वतःला पसंत नाही. दिवसभर तापलेला जांभा दगड सूर्य कलल्यावरही बराच वेळ झळा मारत राहतो, आणि काही बिघाड झाला तर दुरुस्ती अंधारात करावी लागते. शिवाय मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. सड्यावर विजा चमकू लागल्या तर त्या सपाट माळावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो.

वाट निवडताना ती कोणाच्या मालकीची आहे हे आधी पाहावे. गोव्यात सहा वन्यजीव अभयारण्ये आणि मोले येथील एक राष्ट्रीय उद्यान आहे, आणि सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण या तालुक्यांतील पूर्वेकडचे दाट रान बहुतांशी त्यांच्याच हद्दीत येते. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी किंवा खोतीगाव यांच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो, आणि सायकलीला इंजिन नसते ही सबब तेथे चालत नाही. अभयारण्याबाहेरच्या टेकड्या बहुधा काजूच्या बागायती असतात आणि ओहोळाकाठी कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, असतात. त्या खाजगी आहेत. मालकाला किंवा राखणदाराला विचारले तर क्वचितच नकार मिळतो. मात्र न विचारता गेलेल्या पहिल्या माणसामुळे पुढच्या दहा जणांची वाट बंद होते. देवराईत सायकल मुळीच नेऊ नये. खाणपट्ट्यातील जुने रस्ते रुंद आणि ओस दिसतात, परंतु तेथील मातीचे ढीग ठिसूळ असतात आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यांच्या कडा केव्हा ढासळतील याचा नेम नसतो. तो मोह टाळावा. चोर्ला आणि अनमोड हे घाट नावाला डोंगरातले असले तरी अवजड वाहतुकीचे रस्ते आहेत, आणि सायकलीवर रान पाहायला निघालेल्याच्या वाट्याला तेथे ट्रकांचा धूरच अधिक येतो.

सुरुवात आपल्या गावामागच्या सड्यापासून करणे उत्तम. चढणीचा सराव हवा असल्यास पारोड्याच्या चंद्रेश्वर पर्वतावर देवळापर्यंत डांबरी रस्ता आहे. तो पहाटे चढून पाहिला की आपला दम आणि आपले गिअर या दोन्हींची खरी परीक्षा होते. दमट उकाड्याची सवय शरीराला लागण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात अर्ध्या-पाऊण तासाच्या फेऱ्याच कराव्यात. वर्षभर वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याने हा नियम स्वतःला लागू नाही असे समजू नये. मी तसे समजलो होतो, आणि एका एप्रिलमध्ये अकरा वाजता सड्यावर पाण्याची रिकामी बाटली हातात घेऊन, सायकल ढकलत, एकुलत्या एका झाडाकडे चाललो होतो.

सायकल महागच हवी असे नाही. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक एवढे या वाटांना पुरते. पैसे खर्चायचेच असतील तर ते टायरांवर खर्चावेत. टायर सव्वादोन इंच किंवा त्याहून थोडे रुंद, कडेच्या गुठळ्या उठावदार असलेले आणि बाजूची भिंत जाड असलेले घ्यावेत, कारण जांभ्याच्या कडा धारदार असतात आणि वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या असतात. पिकलेली करवंदे खायला सायकल जाळीत टेकवावी आणि परत येऊन पाहावे तो चाक बसलेले असावे, हा अनुभव मेमध्ये बहुतेकांना एकदा तरी येतो. ट्यूबलेस टायर काट्यांना चांगले तोंड देतात, मात्र त्यातील सीलंट (भोक बुजवणारा द्रव) या उष्णतेत लवकर सुकतो, तेव्हा दर दोन महिन्यांनी तो तपासून भर घालावी. हवेचा दाब मध्यम वजनाच्या माणसाने ट्यूबलेसमध्ये २२ ते २६ पीएसआय आणि ट्यूब असल्यास तीसच्या आसपास ठेवावा, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडा जास्त. दाब फार कमी ठेवला तर दगडावर रिम आपटते. जास्त ठेवला तर चाक खडीवर उड्या मारते. उन्हात बंद गाडीत सायकल ठेवू नये, कारण तेथे टायरमधील दाब वाढतो आणि ठिगळाचा गोंदही सुटू शकतो. साखळीला या दिवसांत पातळ, कोरडे वंगण लावावे. दाट तेलाला तांबडी धूळ चिकटते आणि तिची कानशीसारखी पूड होऊन साखळी व दाते झिजवते.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. गोव्याच्या वाटेवरची खरी अडचण मोठ्या दगडांची नसून जांभ्याच्या बारीक, गोल खड्यांची आहे. कडक जमिनीवर हे खडे सुट्या छऱ्यांसारखे पसरलेले असतात आणि वळणावर पुढचे चाक त्यांवरून सरकले तर ते सावरण्याइतका वेळ मिळत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, चाक सरळ असतानाच लावावा आणि वळणात शिरताना तो सोडून द्यावा. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली घेऊन त्यावर वजन द्यावे, सायकल आत झुकवावी पण धड शक्यतो तिच्यावर उभे ठेवावे, आणि नजर चाकासमोरच्या खड्यांवर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी. जिथे नजर जाते तिथेच सायकल जाते. उतारावर आसनावरून उठून पेडल समपातळीत ठेवावीत, गुडघे व कोपरे सैल ठेवावेत, टाचा किंचित खाली दाबाव्यात, आणि एकेका बोटाने दोन्ही ब्रेक हाताळावेत. लांब उतरणीवर ब्रेक सतत घासत ठेवला तर डिस्क तापून त्याची पकड क्षीण होते. त्याऐवजी थोडा वेळ घट्ट दाबून वेग कमी करावा, मग सोडावा, असे टप्प्याटप्प्याने उतरावे. खाली पोहोचल्यावर कुतूहलाने डिस्कला बोट लावू नये.

रानात वाट पाचोळ्याने झाकलेली असते. पाचोळ्याखाली मूळ आहे, दगड आहे की खड्डा आहे हे वरून कळत नाही, तेव्हा तेथे वेग चालण्याहून थोडाच अधिक ठेवावा. मार्च ते मे हा काजूचा मोसम असतो आणि वाटेवर बोंडू (काजूची फळे) सडा घातल्यासारखे पडलेले असतात. त्यांवरून गेलेले चाक साबणावरून गेल्यासारखे घसरते. त्याच वेळी पहाटेपासून झाडांखाली वाकून काजू वेचणारी माणसे असतात. घंटी वाजवून, हळू होऊन, दोन शब्द बोलून पुढे जावे. पाणी कोठे आहे, गवा कोणत्या बाजूला दिसला, पुढची वाट कोसळली आहे का, ही माहिती त्यांच्याइतकी नेमकी कोणत्याही नकाशात मिळत नाही.

पाणी तासाला सहाशे ते आठशे मिलिलिटर, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे प्यावे. अडीच तासांच्या फेरीला दोन लिटरांहून कमी नेऊ नये. केवळ साधे पाणी ढोसत राहिल्यास घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही, म्हणून एक बाटली ओआरएसची किंवा मीठ-साखर घातलेल्या कोकम सरबताची असावी. आपल्याला किती लागते हे जाणून घेण्याचा सोपा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करणे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर पाणी कमी पडले असे समजावे. मोसमातला हुर्राक (बोंडूंच्या रसाची दारू) फेरीच्या आधी किंवा मध्ये घेऊ नये, हे सांगावे लागते याचे कारण तो वाटेवरच मिळतो. खाण्यासाठी केळी, गुळाची चिक्की आणि पहाटे भेटणाऱ्या पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेली गरम पोयी (गोव्याचा पाव) पुरेशी आहे. पोदेर हाच गोव्यातला अस्सल पहाटेचा सायकलस्वार; मागे भरलेली टोपली घेऊन तो जो तोल सांभाळतो तो पाहण्यासारखा असतो.

डोके दुखणे, मळमळ, पायांत पेटके ही थांबण्याची खूण आहे. सोबती असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा त्याचे अंग चटका बसावा इतके तापले तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत आडवे करावे, अंगावर पाणी ओतून सतत वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. तो पूर्ण शुद्धीवर नसताना त्याच्या तोंडात पाणी घालू नये. रानात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे एकट्याने जाऊ नये, आणि कोणत्या वाटेने जाऊन किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे.

सत्तरीकडे जाणाऱ्यांनी माकडतापाची माहिती घेतलीच पाहिजे. २०१५ मध्ये तेथील पाली गावात याचे रुग्ण आढळले, आणि त्यानंतरही तालुक्यात तो दिसत राहिला आहे. गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगाचा जोर कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका काजूच्या मोसमात असतो. लांब मोजे, फिक्या रंगाचे अंगभर कपडे आणि उघड्या त्वचेवर कीटकरोधक मलम वापरावे, पाचोळ्यावर बसू नये. मेलेले माकड दिसल्यास मागे फिरून आरोग्य केंद्राला कळवावे. घरी आल्यावर साबण लावून गरम पाण्याने स्नान करावे, काखा, गुडघ्यांमागची बाजू आणि कमरपट्ट्याची जागा तपासावी. पुढच्या आठवड्याभरात अचानक ताप भरला तर रानात गेल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगावे. फुरसे या विषारी सापाचे भय सड्यावरच्या दगडांत असते, तेव्हा दगडाखाली हात घालू नये आणि सायकल आडवी टाकल्यास उचलताना पाहून उचलावी.

वणव्याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे कित्येक दिवस धुमसत होते. विडी-सिगारेट, स्टोव्ह यांपैकी काहीही नेऊ नये, आणि पुढे धूर दिसला तर वाऱ्याची दिशा पाहून लगेच परतावे.

वळवाची पहिली सर आली की वाटेचा स्वभाव बदलतो. धूळ बसते, पण जांभ्यावर बुळबुळीत थर चढतो आणि मऊ मातीत चाकाने पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ बनते. त्यामुळे सरीनंतर एक-दोन दिवस वाट सुकू द्यावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला की सड्यावर शेवाळ येते आणि ओढे वाटा अडवतात. तेव्हा सायकल धुऊन, साखळी पुसून तिला तेल लावावे, टायरांत थोडी हवा ठेवून ती ओल न लागणाऱ्या भिंतीला टांगावी, आणि दर पंधरवड्याला एकदा तरी गंज पाहावा. गोव्याच्या पावसाळ्यात तो घरातल्या सायकलीलाही सोडत नाही.