ड्रिलची बॅटरी गरम असताना चार्जरला लावू नका

सलग भोके पाडून झाली की बॅटरी हाताला चांगलीच गरम लागते. तशीच चार्जरला लावली तर सेल लवकर झिजतात. अर्धा तास सावलीत ठेवा, कोमट झाली की मग लावा. थंडीचा धोका याहून मोठा. तापमान 0 अंश सेल्सिअसच्या खाली असताना चार्ज केल्यास सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर साचतो. तो परत जात नाही आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

18 व्होल्टच्या पॅकमध्ये साधारणपणे 3.6 व्होल्टचे 5 सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4.2 व्होल्टवर जातो, म्हणजे पॅक 21 वर. खोक्यावरचा ‘20 व्होल्ट’ हा बहुतेक वेळा याच पॅकचा असतो! चार्जर मात्र त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा वापरा.

महिनोन्महिने काम नसेल तर बॅटरी निम्मी भरून, ड्रिलमधून काढून ठेवा. स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात टाकू नका. दोन टोकांना एक खिळा टेकला तरी ठिणगी उडते. टोपी नसेल तर चिकटपट्टी लावा.

पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जर घेत नसेल, तर दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून ती ‘जागी’ करण्याचा उद्योग करू नका. आत पोलादी नळकांडी सेल असल्याने बिघाड झाला तरी पॅक फुगलेला दिसेलच असे नाही. गोडसर वास, तडा, फुसफुस यांपैकी काहीही जाणवले तर बॅटरी ई-कचऱ्यात द्या.