लांब पल्ल्याच्या शर्यतीचे चालक व्हायचे असेल, तर या चुका टाळा

करोनाची दोन वर्षे सोडली, तर आमच्या रत्नागिरीत पाऊस आणि फ्रान्समधली ले मान्सची मोटार शर्यत साधारण एकाच सुमारास येतात. आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी ती चोवीस तासांची शर्यत पाहायला माझ्या वर्कशॉपमध्ये आठ-दहा मुले जमतात. वीज गेली तर टीव्ही इन्व्हर्टरवर घेतो. रविवारी संध्याकाळी झेंडा पडला की त्यांतला कोणीतरी विचारतोच, "काका, आपल्याला हे जमेल का?"

मी तरुणपणी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर तीन हंगाम सलून गाड्यांच्या शर्यती केल्या आणि गेली बारा वर्षे कोकणातल्या मुलांचे संघ घेऊन सहा-सहा तासांच्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या चारचाकींच्या, शर्यतींना जातो. एवढ्या काळात मुले बदलली, गाड्या बदलल्या, पण चुका मात्र त्याच राहिल्या. त्या पुन्हा पुन्हा तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

गाडी सोपवता न येणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. ले मान्सला एका गाडीवर तीन चालक असतात. कोणत्याही सहा तासांत एका चालकाला चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही. म्हणजे तुम्ही कितीही वेगवान असलात, तरी शर्यतीचा मोठा भाग तुमची गाडी दुसऱ्याच्याच हातात असते. ती त्याला कोणत्या अवस्थेत मिळते, यावरून संघमालक तुमची किंमत ठरवतो. नवख्या मुलांना मात्र स्वतःच्या लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, वेळेपलीकडे काही दिसत नाही.

सात वर्षांपूर्वी घाटावरच्या एका ट्रॅकवर आमचा चौघांचा संघ सहा तासांची शर्यत खेळत होता. संघात गुहागरचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा हात विलक्षण चांगला होता आणि मला त्याच्याकडून फार आशा होती. तिसऱ्या तासात त्याची पाळी संपली, मी पाटी दाखवून त्याला आत बोलावले, पण तो दोन फेऱ्या जास्त मारून आला, कारण त्याला दिवसातला सर्वांत वेगवान लॅप हवा होता. तो त्याला मिळालाही. कार्ट थांबताच त्याने उडी मारली आणि हेल्मेट काढत तो वेळा दाखवणाऱ्या पडद्याकडे धावला. पुढची पाळी देवरुखच्या एका शिक्षकांची होती, आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. ते बसले, निघाले आणि पहिल्याच वळणावर सरळ टायरांच्या भिंतीत गेले. त्यांच्या दोन बरगड्यांना मार लागला आणि पुढचे सहा आठवडे त्यांना फळ्यावर लिहिताना हात वर नेता येत नव्हता.

संध्याकाळी त्या मुलाला शांतपणे विचारले, तेव्हा कळले की शेवटची दहा मिनिटे ब्रेक दोनदा पंप केल्याशिवाय लागतच नव्हता. त्याने आपले पाय त्याप्रमाणे जुळवून घेतले होते, म्हणून त्याला अडचण आली नाही. "सांगायचं राहून गेलं, काका," एवढेच तो म्हणाला. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. त्या संघाला मी वेगाचा सराव भरपूर दिला होता, पण चालक बदलण्याचा सराव एकदाही घेतला नव्हता, आणि ती चूक माझी होती.

तेव्हापासून माझ्याकडे एक सवय आहे आणि ती मी कोणालाही मोडू देत नाही. वर्कशॉपच्या मागच्या पडवीत एका जुन्या ओम्नीची सीट लोखंडी चौकटीवर बसवली आहे. उतरणाऱ्याने पट्टे सोडता सोडता तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: ब्रेक कसा आहे, टायर कसे आहेत, रस्त्यावर तेल किंवा पाणी कुठे आहे. बसणाऱ्याने त्या परत उच्चारायच्या आणि मगच निघायचे. ले मान्सला हे बोलणे रेडिओवर चालते आणि तिथे उतरणारा चालक पुष्कळदा पुढच्याचे पट्टे बांधायला हात देऊन मगच बाजूला होतो. तो हात देण्याचा क्षण टीव्हीवर दिसला की मी मुलांना गप्प करून तो पाहायला लावतो.

गाडी न सोडण्याचा हट्ट किती महाग पडतो, याचे उदाहरण १९५२ सालचे आहे. फ्रान्सच्या पिएर लव्हे यांनी आपली टॅल्बो गाडी जोडीदाराला न देता जवळजवळ तेवीस तास एकट्याने हाकली. ते चार लॅपनी पुढे होते आणि तेवढ्यात इंजिन गेले. थकव्यामुळे गिअर चुकला की क्रँकशाफ्टमध्येच आधीपासून दोष होता, याविषयी आजही एकमत नाही. जोडीदार मात्र ताजातवाना पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबण्याच्या जागेत, उभा होता, आणि शर्यत मर्सिडीजने जिंकली. आजचा चौदा तासांचा नियम वाचताना मला नेहमी तो जोडीदार आठवतो.

हायवेला ट्रॅक समजणे

"रत्नागिरीहून पनवेल अमुक तासांत गाठले" असे सांगणारा मुलगा माझ्याकडे आला, की मी त्याला पहिले सहा महिने कार्टला हातही लावू देत नाही. काहींच्या पालकांना हे फार कठोर वाटते, पण माझे मत बदललेले नाही. परशुराम घाटात किंवा कशेडीत रात्री जो वेग लोक दाखवतात, त्याचा शर्यतीशी काहीही संबंध नाही. समोरून येणारा ट्रक, रस्त्यात बसलेली गुरे, दिवे न लावलेली दुचाकी हे तुमचे प्रतिस्पर्धी नव्हेत, ती रस्त्यावरची माणसे आणि जनावरे आहेत. ले मान्सचा मुल्सानचा लांब सरळ पट्टा हादेखील एरवी वाहतुकीचाच रस्ता आहे, परंतु शर्यतीसाठी तो पूर्ण बंद केला जातो, कडेला मार्शल उभे राहतात आणि प्रत्येक चालकाकडे परवाना असतो.

शिवाय हायवेवर एक वाईट खोड लागते. पुढच्या वाहनाला घाईने ओलांडायचे आणि तो आपल्याला वाट देईल असे गृहीत धरायचे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत वेगवान आणि संथ वर्गांच्या गाड्या एकाच ट्रॅकवर एकत्र धावतात, आणि तिथे हेच गृहीतक अंगाशी येते. २०११ मध्ये ऑडीच्या तीन गाड्या ले मान्सला उतरल्या होत्या. अ‍ॅलन मॅकनिश यांची गाडी पहिल्याच तासात आणि माइक रॉकेनफेलर यांची रात्री, अशा दोन गाड्या संथ वर्गातल्या फेरारींना ओलांडताना झालेल्या अपघातांत नष्ट झाल्या. उरलेल्या एका गाडीने शर्यत जिंकली, तीही अवघ्या १३.८५४ सेकंदांनी. मॅकनिश आणि रॉकेनफेलर हे दोघेही कसलेले विजेते होते. त्यांच्याकडून जे झाले ते आपल्याकडून होणार नाही, असे परवाना मिळून वर्षही न झालेल्या मुलाने समजू नये.

घाई

१९६९ साली ले मान्सला चालक रस्ता ओलांडून पळत गाडीत बसत आणि पट्टे बांधण्यात वेळ न घालवता निघत. जॅकी इक्स यांनी त्याचा निषेध म्हणून चालत जाऊन गाडी गाठली, शांतपणे पट्टे बांधले आणि सर्वांच्या शेवटी ते निघाले. त्याच पहिल्या लॅपमध्ये जॉन वुल्फ हे पट्टे न बांधलेले चालक अपघातात गेले. चोवीस तासांनंतर इक्स यांची गाडी शे-सव्वाशे मीटरच्या फरकाने जिंकली. पळत जाऊन बसण्याची ती पद्धत पुढच्या वर्षी बंद झाली.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांची घाई वेगळी असते. त्यांना दोन वर्षांत थेट मोठ्या गाडीत बसायचे असते. जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या जुन्या, सुमारे २०.८ किलोमीटरच्या वळणावळणांच्या ट्रॅकवर शर्यत करायला वेगळा परवाना लागतो. फॉर्म्युला वनचे चार वेळचे जगज्जेते मॅक्स व्हर्स्टॅपेन यांनीही २०२५ मध्ये आधी कमी ताकदीच्या गाडीत शर्यत करून तो मिळवला, आणि त्यानंतर फेरारीत बसून तिथली शर्यत जिंकली. सिम्युलेटर, म्हणजे पडद्यासमोर बसून गाडी चालवण्याचे यंत्र, याविषयीही हेच म्हणता येईल. लुकास ओर्दोन्येस हे व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि २०११ मध्ये ले मान्सला आपल्या वर्गात दुसरे आले, हे खरे आहे. परंतु निवड आणि तो दिवस यांच्या मधल्या काळात त्यांनी खऱ्या गाड्यांत काढलेले हंगाम मुले सोयीस्करपणे विसरतात. घरी सिम्युलेटर जरूर ठेवा. मीही ट्रॅकची वळणे पाठ करायला तो वापरतो. पण घाम, भीती आणि गुरुजींच्या बरगड्या त्यात नसतात.

बाग विकणे

तीन वर्षांपूर्वी पावस भागातले एक वडील कलमांच्या बागेची कागदपत्रे पिशवीत घालून माझ्याकडे आले. मुलाच्या एका परदेशी हंगामासाठी बाग विकायची की गहाण ठेवायची, हे त्यांना विचारायचे होते. मी त्यांना चहा दिला आणि दोन्हीला नाही म्हटले.

या व्यवसायाची रचना समजून घ्या. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघ (एफआयए) चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्रॉन्झ अशा श्रेणी देतो. ब्रॉन्झ म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या धंद्यात पैसे मिळवलेला हौशी चालक. ले मान्सच्या एलएमजीटी३ या, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर आधारलेल्या गाड्यांच्या वर्गात प्रत्येक गाडीत असा एक तरी चालक असावाच लागतो, आणि पुष्कळदा संघाचा खर्च त्याच्याच पैशावर चालतो. त्याच्यासोबत जो तरुण व्यावसायिक असतो, त्याचे निम्मे काम त्या हौशी माणसाला शिकवण्याचे, धीर देण्याचे आणि त्याची चूक पोटात घालण्याचे असते. म्हणूनच चाळिशीतल्या गुरुजींना आदराने शिकवता येणारा मुलगा मला उर्मट वेगवान मुलापेक्षा पुढे जाईल असे वाटते. बाग विकून तुम्ही एक हंगाम विकत घ्याल. पुढच्या हंगामाला बाग नसेल आणि बहुधा गाडीही नसेल.

कंपनीचा पगारी चालक झाले तरी निश्चिंत राहता येत नाही. प्यूजोने जानेवारी २०१२ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, अचानक माघार घेतली. त्यांचे चालक अँथनी डेव्हिडसन टोयोटाकडे गेले, त्याच वर्षी ले मान्सला त्यांची गाडी हवेत उडाली आणि त्यांच्या पाठीचे दोन मणके मोडले. ते बरे होऊन परतले आणि २०१४ मध्ये लांब पल्ल्याच्या शर्यतींचे जगज्जेते झाले. ब्रेंडन हार्टली यांना फॉर्म्युला वनमधल्या रेड बुलने तरुणपणीच सोडून दिले होते, पण पुढे त्यांनी ले मान्स तीनदा जिंकले. फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही म्हणून इकडे आलेला चालक अपयशी, असे मानणाऱ्यांनी हार्टलींची कारकीर्द एकदा तपासावी.

अंगाकडे दुर्लक्ष

बंद गाडीच्या आत उष्णता भयंकर असते आणि चालकाचे लिटरभर पाणी घामावाटे सहज जाते. शर्यतीच्या सकाळी थंड पेय आणि वडापाव खाणारी मुले दुपारी पोटात गोळा आल्याची तक्रार करतात. मी त्यांना आदल्या रात्री आणि सकाळी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज देतो, पाळी संपल्यावर कोकमाचे पाणी देतो. यामागे काही शास्त्रीय अभ्यास मी केलेला नाही, पण बारा वर्षांत माझा एकही चालक पेटक्याने उतरलेला नाही. मे महिन्यातली आमची दमट दुपार ही फुकट मिळालेली व्यायामशाळा आहे, तिचा डॉक्टरांना विचारून उपयोग करा.

गाडीबाहेरची दुखापतही तितकीच महाग पडते. २००९ मध्ये नारायण कार्तिकेयन ले मान्सला ऑडीच्या गाडीतून पात्रता फेरी चालवून बसले होते, पण सुरुवातीच्या थोडे आधी पिटच्या भिंतीवरून पडून त्यांचा खांदा निखळला. उरलेल्या दोघांनीच चोवीस तास गाडी चालवली आणि सातवा क्रमांक मिळवला. त्या दोघांतले आंद्रे लोटेरर पुढे ही शर्यत तीनदा जिंकले. आमच्या संघात शर्यतीच्या आदल्या दिवसापासून क्रिकेट, पोहणे आणि कठड्यांवर चढणे बंद असते.

महागडे हेल्मेट आधी घेऊ नका, मापाचे घ्या. परवान्याचे कागद आपल्या मोटरस्पोर्ट महासंघाकडून वेळेत करून घ्या, कारण हंगामाच्या तोंडावर नेहमी गर्दी होते. संघाला पाठवायचे पत्र स्वतः लिहा, कोणाकडून लिहून घेऊ नका.

राहिली झोप. पाळी संपवून आलेली मुले कठड्याला टेकून पुढचे दोन तास पडद्यावरच्या वेळा पाहत बसतात आणि पुढच्या पाळीला तांबडे डोळे घेऊन उठतात. ले मान्सचे चालक उतरल्यावर इंजिनीअरशी बोलतात, थोडे खातात आणि झोपतात. पाळीच्या आधी त्यांना कोणीतरी उठवते. मी पिटच्या मागे दोन चटया, एक मच्छरदाणी आणि एक गजराचे घड्याळ नेतो. फोन माझ्याकडे जमा करून घेतो आणि गजर पाळीच्या पाऊण तास आधीचा लावतो, म्हणजे तोंड धुऊन, पाणी पिऊन, आधीच्या चालकाचे रेडिओवरचे बोलणे ऐकायला त्याला दहा मिनिटे मिळतात.