एखाद्या मार्केटला सरकारी नियम हवा की नको, हे कसं ठरवायचं

मार्केट मोकळं सोडावं की सरकारने नियम लावावेत, हा वाद सुरू झाला की दोन मिनिटांत माणसं दोन बाजूंना बसतात, एका बाजूला सरकारचं प्रत्येक पाऊल म्हणजे लुडबूड, दुसऱ्या बाजूला प्रत्येक कंपनी चोर, आणि मूळ विषय राहतो तिथेच. मला विचाराल तर प्रश्न एवढा मोठा ठेवला की त्याला उत्तरच उरत नाही. एक मार्केट घ्या, त्यातला एक नियम घ्या (असलेला किंवा कुणीतरी मागत असलेला) आणि तो तपासा, मग बोलायला काहीतरी हातात येतं. कसा तपासायचा ते सांगतो, अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, थोडी चिकाटी लागते आणि आपल्याच बाजूवर शंका घ्यायची तयारी लागते.

सुरुवातीला "एकही नियम नसलेलं मार्केट" ही कल्पना डोक्यातून काढून टाका, कारण असं काही नसतंच. पैसे दिले आणि माल आला नाही तर कोर्टात जाता येतं, किलो सगळीकडे किलोच असतो, जमीन कुणाची हे कागदावर असतं, हे सगळे नियमच आहेत ना. कंपनी बुडाली तरी शेअरहोल्डरचं घरदार विकलं जात नाही, ही सोयसुद्धा कायद्याने दिलेली आहे, ब्रिटनमध्ये तो कायदा १८५५ साली आला. आणि मोकळ्या मार्केटचा आद्यपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो ॲडम स्मिथ, तोसुद्धा छोट्या रकमेच्या बँकनोटांवर बंदी हवी असं म्हणत होता. त्यामुळे विचारायचं ते एवढंच की कुठला नियम, कशासाठी, आणि कुणाच्या खर्चाने.

नेमकं बिघडलंय काय ते एका वाक्यात लिहा

खरंच कागदावर लिहा. "लोकांची लूट चाललीये" हे वाक्य चालणार नाही, त्यातून काहीच कळत नाही. कोण कुणाचं नुकसान करतंय आणि ते नुकसान करणाऱ्याच्या खिशाला का लागत नाहीये, हे त्या वाक्यात यायला पाहिजे. नुसता भाव चढला म्हणजे मार्केट बिघडलं असं नाही, उलट भाव चढतो म्हणून नवे लोक त्या धंद्यात उतरतात आणि माल वाढतो, तिथे सरकारने भावाला वरून झाकण लावलं की माल गायब होतो आणि मागच्या दाराने विकला जातो. एखादी गोष्ट गरिबाला परवडत नाही ही खरी अडचण आहे, नाकारत नाही मी, पण तिच्यावरचं औषध वेगळं, गरिबाच्या हातात पैसे द्या, भावाशी कुस्ती खेळत बसू नका. (हे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, असो.)

मग खरा बिघाड कशाला म्हणायचं? सगळ्यात जास्त डोकं माहितीच्या बिघाडावर लावा, म्हणजे विकणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याला माहीत नसतं तो प्रकार. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन हे मांडलं, चांगली गाडी आणि भंगार गाडी बाहेरून सारखीच दिसते म्हणून घेणारा मधलाच काहीतरी भाव सांगतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकतच नाही, आणि शेवटी बाजारात भंगार तेवढं उरतं. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण माहिती कमी आहे म्हणून लगेच नियम मागू नका, आधी दोन गोष्टी बघा, वस्तू वापरून ती बरी की वाईट ते कळतं का, आणि एकदा फसलो तर पुढच्या वेळी दुसरीकडे जाता येतं का. पेन खराब निघालं तर पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं घेतो, त्या कंपनीला तेवढी शिक्षा पुरते. पण जिथे दुसरी संधीच मिळत नाही तिथे गिऱ्हाईकाच्या अनुभवावर सगळं सोडता येत नाही.

१९३७ मध्ये अमेरिकेत काय झालं ते बघा. सल्फानिलामाइड हे औषध गोळ्या आणि पावडरच्या रूपात चांगलं चाललं होतं, पातळ औषधाला मागणी होती, म्हणून एका कंपनीच्या केमिस्टने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, हे द्रव्य अँटिफ्रीझच्या (गाडीच्या इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून टाकतात त्याच्या) जातीचं आणि माणसाच्या पोटात गेलं तर विष. कंपनीने रंग बघितला, चव बघितली, वास बघितला, रास्पबेरीचा स्वाद टाकला आणि माल रवाना. विषारी आहे का हे तपासलं नाही, कारण तपासा असं कायद्यात कुठे लिहिलेलंच नव्हतं. शंभराच्या वर माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. आणि सरकारला माल जप्त करायला आधार काय मिळाला, तर बाटलीवर एलिक्सिर (म्हणजे अल्कोहोल असलेलं पातळ औषध) लिहिलंय आणि आत अल्कोहोल नाही, म्हणजे लेबल चुकीचं! विष विकलं यावर पकडायला कलमच नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, कायदा आला की नवं औषध आधी सुरक्षित असल्याचं दाखवा आणि मगच विका. "वाईट कंपनीला मार्केट शिक्षा करतंच" असं कुणी म्हणालं की मला हीच बाटली आठवते, शिक्षा झाली असती हो, पण गिऱ्हाईक गेल्यावर.

बाकीचे बिघाड ओळखायला तसे सोपे आहेत. प्रदूषणात कारखाना खूश, गिऱ्हाईक खूश, धूर तिसऱ्याच्याच नाकात. विजेच्या तारा किंवा पाण्याचे पाइप, जिथे एकाच जागी दोन-दोन टाकणं परवडत नाही, तिथे एकच कंपनी राहणार आणि तिच्या दरावर कुणीतरी नजर ठेवावीच लागणार (वर भावाशी कुस्ती नको म्हणालो त्याला हा अपवाद). पण एक बिघाड लोक हमखास विसरतात, तो म्हणजे तोट्याची हमी. बँक बुडाली तर ठेवीदारांचे पैसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरून मिळणार, अमेरिकेत ही सोय १९३३ च्या कायद्याने झाली, मग ठेवीदार बेफिकीर आणि बँकही बिनधास्त, नफा झाला तर तिचा आणि तोटा झाला तर सगळ्यांचा. सप्टेंबर २००८ मध्ये एआयजी या विमा कंपनीला वाचवायला अमेरिकेने पहिल्या झटक्यातच ८५ अब्ज डॉलरच्या कर्जाची सोय केली, आणि ज्या करारांनी (दुसऱ्याचं कर्ज बुडालं तर आम्ही भरून देऊ, असे करार) ती गोत्यात आली तसल्या करारांना २००० सालच्या एका कायद्याने बऱ्याचशा देखरेखीतून मोकळं ठेवलेलं होतं. माझा हिशोब साधा आहे, शेवटी बिल सरकारनेच भरायचं असेल तर वह्या आधीपासून बघायचा हक्कही सरकारला हवा. वह्या दाखवायच्या नसतील तर बुडताना हात पुढे करू नका.

सरकारशिवाय जमतंय का ते बघा

बिघाड सापडला म्हणजे सरकारच हवं असं नाही, ही पायरी लोक सरळ गाळतात. जुन्या गाडीचा प्रश्न वॉरंटीने बराचसा सुटतो, ज्याला आपल्या गाडीची खात्री आहे तोच वॉरंटी देतो. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दाखवलं की हक्क कुणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला फारसा खर्च नसेल तर दोन पार्ट्या नुकसानीचा प्रश्न आपापसात मिटवू शकतात. एलिनोर ऑस्ट्रॉमने (२००९ चं नोबेल) मच्छीमार, पाटाचं पाणी वाटून घेणारे शेतकरी अशांचा अभ्यास करून दाखवलं की सामाईक गोष्ट लोक स्वतःच नियम करून पिढ्यानपिढ्या टिकवतात. मात्र यात माणसं मोजकी हवीत, एकमेकांवर नजर ठेवता यायला हवी, आणि बाहेरचा कुणी येऊन ओरबाडून जाणार नाही हेही हवं. नदीच्या वरच्या अंगाला एक कारखाना आणि खाली हजारो घरं असतील तर कोण कुणाशी बोलणी करणार.

आणि सरकार आलं म्हणजे काम झालं असंही समजू नका. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा किती पकडायचा हे कॅनडाचं सरकारच ठरवत होतं, क्वोटा होता, शास्त्रज्ञ होते, तरी माशांचा अंदाज फुगलेला निघाला, नोकऱ्या जातील म्हणून क्वोटा कमी करायला कुणी धजेना, आणि १९९२ मध्ये ती मासेमारीच बंद करावी लागली, हजारो माणसांचं काम एका फटक्यात गेलं.

हत्यार लहानात लहान निवडा

नियम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदी नाहीतर लायसन्स येतं. त्याआधी कितीतरी हलकी हत्यारं आहेत, माहिती छापायची सक्ती, नुकसानीइतका कर, ठरावीक मर्यादा. क्रम असा धरा की आधी माहिती द्यायला लावा, त्याने भागत नसेल तर कर, मग मर्यादा, आणि बंदी सगळ्यात शेवटी. आम्ल पावसाच्या बाबतीत अमेरिकेने १९९० मध्ये गंधकाच्या धुरावर एकूण मर्यादा घातली आणि वीजकंपन्यांना धूर सोडायचे परवाने एकमेकांना विकायची मुभा दिली, कुठलं मशीन बसवायचं ते सांगितलंच नाही, ज्याला धूर कमी करणं स्वस्त पडलं त्याने जास्त कमी केला आणि उरलेले परवाने विकले, धूर घटला आणि खर्च आधी वाटला होता त्यापेक्षा कमी आला. मला हा नियम फार आवडतो, सरकारने किती ते ठरवलं आणि कसं ते मार्केटवर सोडलं. बंदी कधी? जिथे थोडंसुद्धा नको आणि पर्याय हाताशी आहे तिथे, पेट्रोलमधलं शिसं हे त्याचं उदाहरण.

नियम मागतंय कोण?

ही पायरी सोडलीत तर आधीची सगळी मेहनत वाया. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये लिहिलं की नियम बऱ्याचदा त्या धंद्यातल्या लोकांनाच हवे असतात आणि त्यांच्याच फायद्याचे बनतात. पुन्हा १९३७ घ्या, तेच वर्ष, तोच देश. न्यूयॉर्कने टॅक्सीच्या परवान्यांवर मर्यादा घातली, मंदीच्या काळात रस्त्यावर टॅक्स्याच टॅक्स्या झालेल्या, कारण तेव्हा पटण्यासारखंच होतं. मंदी गेली पण मर्यादा गेली नाही, कितीतरी दशकं आकडा साधारण बारा हजारांच्या आतच अडकून राहिला. हे परवाने विकता-घेता यायचे, त्यामुळे परवान्याचा भाव चढत चढत २०१४ च्या आसपास दहा लाख डॉलरच्या वर गेला, मग ॲपवाल्या गाड्या आल्या आणि तो कोसळला, आणि मेले कोण, तर कर्ज काढून परवाना घेतलेले ड्रायव्हर. प्रवाशाच्या रक्षणासाठी ब्रेक तपासा, मीटर तपासा, ड्रायव्हरची चौकशी करा, गाड्यांची संख्या गोठवून प्रवाशाचं कसलं रक्षण होतं ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून नियमाचा मसुदा हातात आला की आधी "आधीपासून धंद्यात असलेल्यांना सूट" असं काही आहे का ते शोधा. मग बघा की नव्या माणसाला परवानगी देणाऱ्या कमिटीत जुनेच दुकानदार बसलेत का, आणि तो नियम पाळायचा खर्च मोठ्या कंपनीला चिल्लर आणि छोट्याला जीवघेणा आहे का. मोठी कंपनी स्वतःहून "आमच्यावर नियम लावा" म्हणत असेल तर दुप्पट सावध व्हा.

आणि एका गठ्ठ्यात बांधलेले नियम सुटे करून बघा. अमेरिकेत विमानाचं तिकीट केवढ्याला आणि कुठल्या मार्गावर कोण उडणार हे १९३८ पासून सरकारी मंडळ ठरवायचं. १९७८ च्या कायद्याने ते हळूहळू काढून टाकलं, पुढे ते मंडळच बंद झालं, भाडी महागाईच्या हिशेबाने उतरली. पण विमान उडायच्या लायकीचं आहे का हे तपासणारं खातं तसंच ठेवलं, तिकिटाचा भाव प्रवाशाला दिसतो, इंजिनातली चीर दिसत नाही. सगळे नियम ठेवा किंवा सगळे काढा, असं म्हणणारे दोघंही इथे चुकले असते.

अर्धवट काम मात्र नको. कॅलिफोर्नियाने विजेचा घाऊक भाव मोकळा केला आणि गिऱ्हाईकाचा किरकोळ भाव बहुतेक ठिकाणी बांधलेलाच ठेवला, २००० च्या उन्हाळ्यात घाऊक भाव भडकला, त्यात व्यापाऱ्यांनी हात धुवून घेतले, घरोघरी वीज पुरवणाऱ्या कंपन्या महाग घेऊन स्वस्त विकत बसल्या, लोकांनी वापर कमी करावा असा इशारा बिलातून मिळालाच नाही. लोडशेडिंग झालं आणि एप्रिल २००१ मध्ये तिथली एक मोठी वीजकंपनी दिवाळखोरीत गेली. यातून प्रत्येक बाजूने आपल्याला हवा तो धडा काढला. कुठलाही नियम लावताना किंवा काढताना त्याच्या शेजारचा कुठला नियम त्याला अडकवणार आहे, ते आधी बघा.

शेवटचं काम नियम लागू झाल्यावरचं. कुठला आकडा हलायला हवा आणि कधीपर्यंत, हे नियम येतानाच लिहून ठेवा, नंतर ठरवलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा काढतो. शक्य असेल तर नियमालाच एक्स्पायरी तारीख मागा, म्हणजे तो चालू ठेवायचा तर कुणालातरी उभं राहून कारण सांगावं लागेल. तारीख आली आणि आकडा हललाच नसेल, तर "आणखी कडक करा" किंवा "काढून टाका" म्हणायच्या आधी नियम पाळला जात होता का ते बघा, तपासायला इन्स्पेक्टर किती होते, दंड किती जणांना झाला आणि त्यातला वसूल किती झाला. कित्येकदा कागदावरचा नियम ठीकच असतो, तो तपासायला ऑफिसात माणूसच नसतो.