जुन्या घराची ओल आणि बेडरूमचं फर्निचर: आधी भिंत, मग कपाट

दसरा-दिवाळीला घराला पुट्टी-रंग लावायचा आणि त्याच धामधुमीत नवा पलंग आणि कपाट आणायचं, हा आपल्याकडचा रिवाज. पंचवटी, भद्रकाली किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणाऱ्यांना हा मुहूर्त महागात पडतो. चार महिन्यांचं पाणी पिऊन त्या वेळी भिंत वर्षातली सगळ्यात ओली असते. त्यावर पुट्टी चोपडली की पाणी आत कोंडतं आणि होळीच्या आत पोपडे सुटतात. दीड फुटी भिंत वाळायला वेळ लागतो. ढोबळ हिशेब असा, की जाडीच्या एका इंचाला एक महिना, दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर निम्मा. म्हणजे दीड फुटी भिंतीला दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तरी नऊ महिने. तेव्हा ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती करा, हिवाळा आणि उन्हाळा भिंतीला द्या आणि फर्निचर निदान अक्षय्य तृतीयेच्या आधी तरी घेऊ नका.

ओल कुठून येते हे ठरवल्याशिवाय गवंड्याला बोलावू नका. जमिनीलगत सुरू होऊन साधारण तीन फुटांपर्यंत चढलेला, वरच्या कडेला पांढरा खार फुटलेला पट्टा म्हणजे खालून चढणारी ओल. पावसाच्या झडीनंतर एक-दोन दिवसांत उमटणारा डाग वरून किंवा बाहेरून येतो: सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातला फुटलेला वाटा (सांधा झाकणारी गोलसर भर). बारा महिने एकाच आकाराचा डाग दिसला तर भिंतीपलीकडच्या मोरीचा किंवा नळाचा पाइप तपासा. कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी आहे पण खार नाही, तर बहुधा खोलीतलीच दमट हवा थंड भिंतीवर बसते आहे. शंका असेल तर फूटभर चौरस जाड प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली.

खालून चढणाऱ्या ओलीचं एक कारण घराबाहेर उभं राहून दिसतं. जुन्या गल्ल्यांत रस्त्यावर थर चढत गेले आणि जोतं बुडत गेलं. जोत्यात ओल अडवणारा थर बहुतेक जुन्या घरांत नाहीच, त्यामुळे भिंत थेट मातीतून पाणी ओढते. आपल्या हद्दीत भिंतीलगतची भरलेली माती काढून जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली घ्या आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी न सोडता पाइपने गटारापर्यंत न्या. निम्मा त्रास इथेच मिटतो. मात्र भिंतीला पोट आलं असेल किंवा लाकडी खांबाचं बूड टोकरल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर गिलाव्याचा विचार सोडा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा.

आतून ओल्या पट्ट्याच्या वर फूटभरापर्यंतचा खराब गिलावा काढा. खार कोरड्या ब्रशने झाडून सुपडीत गोळा करा; पाण्याने धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक इमल्शन हा सगळ्यात लोकप्रिय चुकीचा उपाय. ओल बाहेर सुटायची वाट बंद झाली की पाणी तीन फुटांऐवजी पाच फुटांवर डोकं काढतं. एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा करा, तो नीट वाळू द्या आणि वर चुन्याच्या सफेदीचे पातळ हात द्या, दोन हातांत एक दिवस सोडून. ओल्या भिंतीला पीओपी नको. बुरशी पुसताना तोंडाला मास्क लावा आणि ओल्या फडक्याने साबणपाणी वापरा. ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेटचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आता फर्निचर. ओल्या घरात पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ (लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या) आणूच नका. वरून लॅमिनेट कितीही गुळगुळीत असलं तरी बिजागरीच्या स्क्रूमधून आणि खालच्या उघड्या कडेतून पाणी शिरतं, कड फुगते आणि स्क्रू धरत नाही. दुकानात कपाटाच्या तळाखाली हात फिरवा: कड खरखरीत, उघडी लागली तर पुढे बोलायचं कारण नाही. प्लायवूड घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, शिक्का वाचा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा. बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटाला आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, निदान तळाला आणि पाठीला तरी. पाठीची फळी किमान ६ मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट किंवा पॉलिश. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. भिंतीलाच पाठ मानून केलेलं बिनपाठीचं कपाट जुन्या घरात नको.

सागवान घेताना रंगापेक्षा गाभा बघा. सोनेरी-तपकिरी भाग गाभ्याचा; कडेचा पांढुरका पट्टा कीड आधी खाते आणि मग कपाटाखाली बारीक भुसा पडू लागतो. गडद पॉलिश मारलं की हा पट्टा लपतो, म्हणून पॉलिशआधी बघायला जा. पिनांच्या ओलावामापकावर लाकूड ८ ते १२ टक्क्यांत हवं. नाशिकची हवा श्रावणात चिंब आणि एप्रिलमध्ये खडखडीत, त्यामुळे लाकूड हलतंच. दाराची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असावी. चिकटवलेली किंवा खिळलेली उन्हाळ्यात तडकते. पायांच्या तळाकडून लाकूड सगळ्यात जास्त पाणी शोषतं आणि सुतार नेमकी तीच जागा कोरी सोडतो. पाय उलटे करून तिथे पॉलिशचे दोन हात मारून घ्या आणि खाली नायलॉनचे बुश लावा.

लोखंडी कपाट चांगलं, पण पत्रा २० गेजचा घ्या (आकडा वाढला की पत्रा पातळ होतो) आणि चारही कोपऱ्यांखाली कडप्प्याचे तुकडे द्या, कारण गंज लादी पुसण्याच्या पाण्याने तळातूनच सुरू होतो. लोखंडी पलंगाच्या पाइपांची तोंडं बंद हवीत.

बॉक्स-पलंग सोयीचा खरा, पण ओल्या खोलीत तो बुरशीचं कोठार. त्यापेक्षा सहा इंच पायांचा आणि दोन-अडीच इंच फटी सोडलेल्या पट्ट्यांचा पलंग बरा. गादीला खालून हवा लागते. बॉक्सच हवा असेल तर समोरासमोरच्या बाजूंना दोन इंची भोकं पाडून जाळी बसवा. सामान शक्यतो आतल्या भिंतीला लावा. बाहेरच्या भिंतीला लावावं लागलंच तर तीन इंच अंतर सोडा आणि वर छतापर्यंत बंद करू नका.

पावसाळ्यात कपाटात कळीचा (न विरवलेला) चुना ठेवायची पद्धत उपयोगी आहे, पण तिची कुवत ओळखा. किलोभर चुना फार तर ३०० ग्रॅम पाणी घेतो. त्याच खोलीत दोरीवर वाळणारे एका धुण्याचे कपडे लिटर-दोन लिटर हवेत सोडतात. तेव्हा आधी दोरी बाहेर काढा. चुना फुगतो, म्हणून स्टीलचं भांडं तिसरा हिस्साच भरा; पाणी लागलं तर तो भाजतो, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. डांबरगोळ्या किड्यांसाठी आहेत, ओलीवर त्यांचा काही असर नाही. खिडक्याही पाऊस धरलेला असताना दिवसभर उघड्या ठेवू नका, उघडीप मिळेल तेव्हा तासभर समोरासमोरच्या उघडा.

आणि ऑगस्टमध्ये ड्रॉवर अडकला म्हणून लगेच रंधा मारायला सुताराला बोलावू नका. तोच ड्रॉवर एप्रिलमध्ये खुळखुळेल. कडांना मेणबत्ती घासून तेवढे दिवस काढा. उन्हाळ्यातही अडकत असेल तरच तासून घ्या.