हौशी गायकांनी रियाजासाठी टिकणारा साथीदार कसा मिळवावा

पुण्यामुंबईत किंवा ठाण्या-डोंबिवलीत नोकरी सांभाळून ख्याल, नाट्यपदे किंवा भावगीते गाणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते, ती म्हणजे तबल्याला कोणी टिकत नाही. दोन बैठकांना उत्साहाने आलेला वादक तिसऱ्या वेळी फोन उचलत नाही, ‘कळवतो’ म्हणून कळवत नाही, किंवा ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात दुसरीकडची तारीख घेऊन बसतो. हा मनस्ताप खरा आहे. मात्र त्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच माणसाकडून दोन कामांची अपेक्षा ठेवण्यात असते. दर आठवड्याच्या रियाजाला बसणारा साथीदार आणि कार्यक्रमात रंग भरणारा साथीदार या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडून भागवून घेण्याची तयारी ठेवली की अर्धा शोध तिथेच सोपा होतो.

व्यावसायिक तबलावादकाचे वर्ष कसे जाते, याचा आधी विचार करावा. गणेशोत्सवापासून त्याच्या तारखा भरू लागतात, पुढे नवरात्र येते, मग दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आणि त्यानंतर हिवाळ्यातले संगीत महोत्सव. उरलेल्या संध्याकाळी तो शिकवण्या घेतो. शनिवार-रविवारची जी संध्याकाळ हौशी गायकाला मोकळी असते, तीच नेमकी त्याच्या कमाईची वेळ असते. त्यामुळे अशा वादकाला कार्यक्रमासाठीच, तेही पुरेसे आधी बोलवावे. रियाजाला त्याचीच साथ हवी असेल तर कामाच्या दिवशी सकाळची वेळ विचारून पाहावी, कारण तेव्हा होकार मिळण्याची शक्यता अधिक असते.

रियाजाचा साथीदार शोधण्याची उत्तम जागा म्हणजे तबल्याच्या गुरूंचा वर्ग. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढच्या विशारद परीक्षेकडे निघालेल्या विद्यार्थ्याची बोटे तयार झालेली असतात, परंतु त्याची तालीम मुख्यतः पेशकार, कायदे, रेले आणि तुकडे या एकल वादनातल्या रचनांची झालेली असते. गायकाच्या मागे बसून शांतपणे ठेका धरणे ही वेगळी विद्या आहे आणि ती गायकाबरोबर बसल्याशिवाय येत नाही. इथे गरज दोन्हीकडची असल्याने हे नाते टिकण्याचा संभव जास्त असतो. गुरूंना परस्पर वगळून विद्यार्थ्याला गाठू नये. त्यांच्यामार्फत गेल्यास विद्यार्थीही ते काम गांभीर्याने घेतो. दुसरी जागा भजनी मंडळांची. तिथले वादक तासन्‌तास लय न सोडता वाजवतात, गोव्यात तर देवळातल्या भजनांमुळे असे हात गावोगावी सापडतात. मात्र विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, एकतालाची त्यांना सवय असेलच असे नाही, हे आधी विचारून घ्यावे. पेटीवादक तुलनेने आणखी दुर्मीळ असतात. ते मिळेपर्यंत स्वतः पेटी धरून गाणे किंवा तानपुऱ्यावर भागवणे हेच व्यवहार्य.

पहिल्याच फोनवर आपली पट्टी, म्हणजे ज्या स्वराला षड्ज मानून आपण गातो तो स्वर, सांगावी. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण अनेक बैठका तिच्यामुळेच बिघडतात. पुरुष गायक बहुधा पेटीवरच्या काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, स्त्रिया पांढरी पाचपासून काळी पाचपर्यंत कुठेही गातात, आणि एक तबला साधारण एखाद्या स्वराने वर-खाली होऊ शकतो. त्यापलीकडे ताणला की नाद बिघडतो. ज्याच्याकडे फक्त काळी एकचा तबला आहे, तो काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंसाठी मोठ्या तोंडाचा, ढाल्या म्हणजे खालच्या स्वराचा तबला आणणार कुठून? म्हणून शक्य असल्यास आपल्या पट्टीची तबल्याची जोडी स्वतः विकत घेऊन घरी ठेवावी. गर्दीच्या लोकलमधून तबला-डग्गा घेऊन येणे ही न येण्याची फार सबळ सबब असते, ती त्यामुळे उरत नाही. पावसाळ्यात दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचे चामडे, उतरते, त्यामुळे जोडी झाकून कोरड्या जागी ठेवावी आणि पुडी बदलण्याचा खर्च आपला धरावा.

पहिल्या बैठकीत परीक्षा घेतल्याचा आविर्भाव नसावा, तरी काही गोष्टी जरूर पाहाव्यात. बारा मात्रांच्या विलंबित एकतालात, जिथे एकेक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, अर्धा-पाऊण मिनिट चालते, तिथे एकच बंदिश दहा-पंधरा मिनिटे गावी आणि लय चढते का, याकडे लक्ष द्यावे. मग मध्यलयीतला त्रिताल आणि शेवटी केहरव्यातले एखादे भावगीत घ्यावे. गायकाने आलाप लांबवला असताना जो हात आवरतो आणि मुखड्याच्या, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ पुन्हा येण्याच्या, वेळी सावध असतो, तो ऐकून वाजवतो आहे असे समजावे. पहिल्याच आवर्तनात तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवण्याची करामत, टाकणारा वादक तयारीचा असेलही, पण दर मंगळवारी ठेका धरून बसण्यात त्याचे मन रमेल असे मला वाटत नाही.

मानधनाचा विषय संकोचाने टाळला जातो आणि पुढच्या बहुतेक कटकटी तिथूनच निघतात. ‘आपण दोघेही शिकतोच आहोत’ ही भाषा गायकाला सोयीची असते. येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च मात्र वादकाचा होतो. विद्यार्थी असला तरी प्रत्येक बैठकीचे ठरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत आणि कार्यक्रमाची बिदागी वेगळी ठरवावी. त्याहून नाजूक मुद्दा रद्द होणाऱ्या बैठकांचा आहे. घसा बसला, ऑफिसात उशीर झाला, पाहुणे आले अशा कारणांनी गायकच किती बैठका मोडतात, याचा हिशेब वादकाच्या डोक्यात पक्का असतो. आयत्या वेळी आपण बैठक रद्द केली तर निम्मे मानधन द्यावे. मग त्याच्याकडूनही आदल्या दिवशी कळवण्याची अपेक्षा उघडपणे ठेवता येते.

पैशांइतकेच महत्त्व वाजवायला मिळण्याला आहे. बैठकीच्या शेवटी पंधरा मिनिटे पेटीवर लेहरा, म्हणजे तालाची फेरी दाखवणारी तीच ती धून, धरून त्याला एकल वाजवू द्यावे, भावगीतात लग्गीला, म्हणजे तबल्याच्या जलद, खेळकर वादनाला, जागा सोडावी. गायक कुमार गंधर्वांच्या मैफिलींत तबलावादक वसंतराव आचरेकरांनी वर्षानुवर्षे साथ केली. अशा जोड्यांचे ध्वनिमुद्रण दोघांनी मिळून ऐकावे, म्हणजे कुठे थांबायचे याची चर्चा कोणाला टोचत नाही.

एवढे करूनही जो दोनतीनदा न कळवता गैरहजर राहतो, त्याच्या मागे लागू नये. नाराजी इतर गायकांकडे बोलून दाखवण्यापेक्षा त्याला सरळ सांगून मोकळे व्हावे, कारण हे वर्तुळ लहान असते. मधल्या काळात मोबाइलवरचा तबला लय पक्की करण्यापुरता उपयोगी पडतो, पण तो गायकाचे ऐकत नाही, त्यामुळे त्याचीच सवय होऊ देऊ नये. कार्यक्रमासाठी तर दुसरा वादक नेहमीच बोलून ठेवावा. गाण्यांचा क्रम, पट्टी, ताल, लय आणि गाण्याची उठाण, म्हणजे सुरुवात, कोणत्या मात्रेवरून आहे, हे एका कागदावर लिहून दोघांनाही आठवडाभर आधी पाठवावे, म्हणजे आयत्या वेळी जो येईल त्याला विंगेत पाच मिनिटे मिळाली तरी पुरतात.