रंगीत निगेटिव्हसाठी स्कॅनर निवडताना

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती डीपीआयचा घेऊ?" म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपणारा. माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आधी तुमच्याकडे कोणती फिल्म आहे ते बघा. नुसती ३५ मिमी असेल तर खास फिल्मसाठीचा स्कॅनरच घ्या. १२० चे, म्हणजे मोठ्या निगेटिव्हचे, रोलही असतील तर बहुतेकांची गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर येते, आणि एवढ्या मोठ्या निगेटिव्हला तो चांगला पुरतोही.

डीपीआयचं गणित सोपं आहे. ३५ मिमीची फ्रेम ३६ × २४ मिमी असते. ४००० डीपीआयने ती स्कॅन केली की साधारण २१ मेगापिक्सेलची फाइल होते, २४०० ने पावणेआठ मेगापिक्सेलची. पण खोक्यावरचा आकडा म्हणजे स्कॅनर किती ठिपके मोजतो तो; त्यातला खरा तपशील किती हे लेन्स आणि फोकसवर ठरतं. एप्सनच्या व्ही ६०० या फ्लॅटबेडवर ६४०० लिहिलेलं असतं, हाती येतो त्याच्या निम्म्याहूनही कमी तपशील. डीमॅक्सच्या, म्हणजे फिल्मचा किती दाट भाग स्कॅनर वाचू शकतो त्याच्या, आकड्यासाठीही जास्त पैसे मोजू नका. तो स्लाइडच्या गडद सावल्यांसाठी महत्त्वाचा. रंगीत निगेटिव्ह तितकी दाट क्वचितच होते.

पैसे घालायचेच असतील तर इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ शोधणाऱ्या सोयीवर घाला. रंगीत निगेटिव्हमधले रंग इन्फ्रारेड प्रकाशाला अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात. त्यामुळे या वेगळ्या स्कॅनमध्ये चित्र जवळपास दिसतच नाही, दिसतो तो फक्त कचरा, आणि सॉफ्टवेअर नेमका तेवढाच भाग भरून काढतं. जुन्या पाकिटातल्या निगेटिव्ह साफ करत ज्याने एकेक ठिपका हाताने पुसलाय त्यालाच याची किंमत कळते! प्लस्टेकच्या ८१०० या स्कॅनरात ही सोय नाही, ८२००आय मध्ये आहे; दोघांतला मुख्य फरक हाच. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर मात्र याचा उपयोग नाही, कारण तिच्यातली चांदी इन्फ्रारेडही अडवते.

आता रंग. निगेटिव्हची नारिंगी झाक हा दोष नव्हे. रंगद्रव्यांची उणीव भरून काढायला ती मुद्दाम ठेवलेली असते. ती निळा प्रकाश सर्वाधिक खाते, म्हणून निळ्या चॅनेलला सिग्नल कमी मिळतो आणि आकाशासारख्या उजळ भागात रवाळपणा दिसतो. म्हणून १६ बिटची, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्या नोंदणारी, फाइल घ्यावी. मी स्कॅन कच्चाच साठवते आणि निगेटिव्हचे रंग उलटवून खरे रंग आणण्याचं काम नंतर करते. व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये फिल्मच्या कोऱ्या भागाचा रंग एकदा लॉक केला की पूर्ण रोल एकसारखा येतो. रंग पसंत पडले नाहीत म्हणून यंत्र बदलायच्या आधी सॉफ्टवेअर बदलून बघा. बऱ्याचदा तिथेच काम होतं.

फिल्म धरणाऱ्या होल्डरकडे लोक लक्षच देत नाहीत. स्कॅन १०० टक्क्यांवर उघडा आणि ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, शोधा. मध्यभागी ग्रेन टोकदार आणि कडेला पिठासारखा मऊ दिसत असेल तर फिल्म वाकलेली आहे. अशा वेळी डीपीआय वाढवून काहीही हाती लागत नाही. पट्टी जड पुस्तकाखाली काही दिवस दाबून ठेवा, नाहीतर अँटी-न्यूटन काचेचा होल्डर घ्या. साधी काच ठेवलीत तर इंद्रधनुषी वलयं उमटतात.

निकॉनचे कूलस्कॅन हे फिल्म स्कॅनर आता फक्त वापरलेलेच मिळतात, पण ३५ मिमीसाठी ते अजूनही उत्तम आहेत. घेण्याआधी जोडणी तपासा: काही मॉडेल यूएसबीची, ९००० फायरवायरचं, आणखी जुनी काही स्कझी या जुन्या पद्धतीची. मग विकणाऱ्याकडून उजळ आकाशापुढे काळी झाडं असलेल्या फ्रेमचा पूर्ण आकाराचा स्कॅन मागवा. झाडांचा काळेपणा आकाशात धुरासारखा पसरला असेल तर आतल्या आरशावर धूळ बसली आहे, आणि तो उघडून साफ करायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.